पाटी बदलण्याचा हक्क

जुलैतली संध्याकाळ होती. वीज जाऊन नुकतीच आली होती आणि क्लासमधली मशिनं एकेक करून परत सुरू होत होती. मालवणात मी गेली पंधरा-सोळा वर्षं कॉम्प्युटरचा क्लास चालवतो. टायपिंगची परीक्षा, टॅली, एमएस-सीआयटी, जे इथे चालतं ते सगळं. टायपिंगला येणारा नववीतला एक मुलगा तास संपून अर्धा तास झाला तरी कोपऱ्यातल्या मशिनपुढून उठला नव्हता. मी मागे जाऊन उभा राहिलो.

"काय करतंस रे?"

"गाडी रंगवतंय, सर."

पडद्यावर एसटीची बस होती, पण पुठ्ठ्याचा खोका उलगडून जमिनीवर पसरावा तशी सपाट. दोन्ही बाजू, तोंड, पाठ, टप, सगळं एकाच चित्रात. लाल रंग भरून झाला होता. पुढच्या पाटीवर ‘मालवण – आचरा – देवगड’ एवढं नीट उमटलं होतं. बाजूला ‘सिंधुदुर्ग विभाग’ लिहिताना मात्र गाडी अडली. त्या सॉफ्टवेअरला देवनागरी पेलवत नव्हती. ‘सि’ची वेलांटी ‘स’ संपल्यावर उमटत होती, ‘र्ग’चा रफार वर चढायलाच तयार नव्हता, ‘वि’चीही तीच गत. मुलाने काय केलं, तर वेलांटीचा तुकडा कापून उचलला आणि अक्षराच्या अलीकडे आणून ठेवला. रफार माऊसने हाताने काढला, पुसला, परत काढला. खऱ्या गाडीवर हे अक्षर कसं असतं ते बघायला त्याने स्टँडवर जाऊन फोटो काढून आणले होते. मी म्हटलं, इंग्रजीत लिही, पाच मिनिटांत होईल. त्याने मानही वर केली नाही. "एसटीची पाटी इंग्रजीत असता काय, सर?"

त्या दिवसापासून मी या प्रकाराकडे नीट लक्ष देऊन बघायला लागलो.

तो ज्या गेमसाठी हे करत होता त्याचं नाव ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’. मालेओ नावाच्या इंडोनेशियातल्या कंपनीने २०१७ साली तो फोनसाठी आणला. रस्ते तिकडचे, गावं तिकडची, गाड्याही तिकडच्याच. पण कंपनीने एक दार उघडं ठेवलं. गाडीवर तुमचं चित्र चढवा, आणि जमलं तर अख्खी गाडीच बनवून आत आणा. इंडोनेशियातही वाहनं डाव्या बाजूने चालतात आणि स्टिअरिंग उजवीकडे असतं, त्यामुळे आपल्या गाड्या तिथे चपखल बसल्या. केरळातल्या पोरांनी आपल्या रंगीबेरंगी टुरिस्ट बस आणल्या, आपल्याकडच्यांनी लालपरी आणली. चित्राला मुलं ‘लिव्हरी’ म्हणतात आणि बाहेरून आणलेल्या गाडीला ‘मॉड’.

मालवण–देवगड गाडी कुठल्याही गेम कंपनीने स्वतःहून बनवली नसती. यात त्यांचा दोष नाही. आचऱ्याच्या खाडीवरचा पूल ओलांडून जाणारी सकाळची गाडी इंडोनेशियातल्या माणसाला माहीत असायचं कारण काय? पण ती गाडी बनवण्याची सोय त्यांनी ठेवली, आणि मालवणातल्या एका मुलाने ती बनवली. माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. ज्या गेममध्ये खेळणाऱ्याला बदल करायला वाव आहे, तो आपल्यासारख्या भाषेला आणि मुलखाला फार मोलाचा आहे. हा वाव कंपनीची मेहेरबानी म्हणून घ्यायची गरज नाही. ग्राहक म्हणून, पालक म्हणून, शिक्षक म्हणून आपण तो मागायला हवा.

पुढे जाण्याआधी एक घोळ निस्तरतो, कारण मालवणात, आणि माझ्या अंदाजाने सगळीकडेच, ‘मॉड’ म्हटलं की पालकांच्या डोळ्यांपुढे वेगळंच काही येतं. ‘मॉड एपीके’ नावाने फिरणाऱ्या फाईली म्हणजे बहुतेक वेळा चोरलेले गेम असतात. पैसे भरून घ्यायच्या गोष्टी फुकट, नाणी अमर्याद, आणि सोबत काय चिकटून येईल ते देव जाणे. माझ्याच क्लासमधल्या एका मुलीने असली फाईल घातली आणि वडिलांच्या फोनवर चोवीस तास जाहिराती उघडायला लागल्या. शेवटी सगळं पुसून फोन नव्याने लावावा लागला. त्या धंद्याची मी इथे बाजू घेत नाही. मी बोलतोय ते मूळ गेम रीतसर घेऊन त्यात भर घालण्याबद्दल. नवी गाडी, नवा नकाशा, नवी भाषा, कधी नियमच नवे.

आता ही गोष्ट आपल्याला परकी वाटायचं खरं तर काही कारण नाही. मालवणहून सावंतवाडीला गेलात तर राजवाड्यात गंजिफा, म्हणजे जुन्या पद्धतीचे पत्ते, रंगवणारे कारागीर बसलेले दिसतील. गोल पानं, चिंचोक्याची खळ, लाखेची चकाकी. हा खेळ इथला नव्हे. तो इराणकडून आला. बाबराने १५२७ साली सिंधमध्ये गंजिफा भेट पाठवल्याची नोंद आहे. मुघली गंजिफात आठ रंगांची मिळून ९६ पानं असत, आणि त्यांवर ताज, शमशेर, गुलाम अशी चिन्हं. आपल्या लोकांनी तो खेळ घेतला, त्याची चौकट तशीच ठेवली, म्हणजे प्रत्येक रंगात राजा, वजीर आणि एक ते दहा, पण चिन्हं बदलली. मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध, कल्की. आठाचे दहा रंग झाले, ९६ ची १२० पानं झाली. दशावतारी गंजिफा तो हा. सावंतवाडीच्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसल्यांनी १९७० च्या दशकात ही मरू घातलेली कला परत उभी केली म्हणून ती आज आपल्याला बघायला तरी मिळते.

नववीतल्या त्या मुलाने नेमकं हेच केलं. दुसऱ्याच्या खेळाची चौकट घेतली आणि आत आपली चिन्हं भरली. फरक एवढाच की गंजिफाला कुलूप नव्हतं. पान कागदाचं, रंग आपला, कुणाची परवानगी लागत नव्हती. आज खेळ सॉफ्टवेअरमध्ये बंद असतो, आणि आत काय बदलता येईल ते बनवणारा ठरवतो. म्हणून पूर्वी ज्याचा विचारही करावा लागत नव्हता ती गोष्ट आता मागून घ्यावी लागते.

कुलूप असलं म्हणजे काय होतं ते माझ्या पिढीने अनुभवलंय. ‘क्रिकेट ०७’ आठवतो ना? ईए स्पोर्ट्सने तो २००६ च्या नोव्हेंबरात आणला. खरी नावं वापरायचे परवाने ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडचे होते. आपल्या संघातल्या खेळाडूंची नावं तिरकी-वाकडी करून टाकलेली होती, म्हणजे ओळखू तर यावीत पण कायद्यात अडकू नयेत. त्यानंतर ईएने पीसीसाठी क्रिकेटचा गेम आणलाच नाही. २००७ साली आपण ट्वेंटी-ट्वेंटीचा विश्वचषक जिंकलो, २००८ साली आयपीएल सुरू झालं, आणि आमच्या मशिनमधलं क्रिकेट २००६ मध्ये गोठून पडलेलं.

मी तेव्हा कॉलेजात होतो. खोलीवर सहा जणांत एक पीसी. एके दिवशी एक मित्र पेनड्राईव्हमधून ‘पॅच’ घेऊन आला आणि त्या रात्री आम्ही झोपलो नाही. नावं दुरुस्त झालेली, आयपीएलचे संघ आलेले, प्रत्येकाची जर्सी, बॅटवरचे स्टिकरसुद्धा. हे सगळं कंपनीबाहेरच्या माणसांनी केलं होतं, भारतातल्या, पाकिस्तानातल्या, बांगलादेशातल्या, कुणी कुणाला न बघता. ईएने यासाठी काही सोय ठेवलेली नव्हती. या लोकांनी गेमच्या फाईली उघडून आत चित्रं कुठल्या साच्यात ठेवली आहेत ते शोधलं, एफएसएच नावाच्या त्या फाईली उकलल्या, जर्सी रंगवली, परत बंद केल्या. दार बंद होतं म्हणून कौलं काढून घरात उतरले म्हणा ना. मला स्वतःला त्या काळात एक जर्सी बदलता आली. बाहीवरची पट्टी दोन्ही हातांवर वेगवेगळ्या उंचीला आली, कारण उलगडलेल्या चित्रात दोन बाह्या सारख्या ठेवायच्या असतात हेच मला कळलं नव्हतं. पण फाईलचे प्रकार, बॅकअप घेऊन मगच हात लावायचा, एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची, ही शिस्त मला कुठल्या पुस्तकाने शिकवली नाही, त्या जर्सीने शिकवली. आज मी क्लासमध्ये जे शिकवतो त्याचं मूळ तिथे आहे.

क्रिकेट ०७ आजही लोक खेळतात. बनवणाऱ्या कंपनीने सोडून दिलेला गेम इतकी वर्षं जिवंत राहिला तो निव्वळ या लोकांच्या पदरमोडीवर.

ज्यांनी दार मुद्दाम उघडं ठेवलं त्यांचं काय झालं तेही बघा. ‘डूम’ हा गेम १९९३ चा. इड सॉफ्टवेअरच्या जॉन कार्मॅकने गेम चालवणारा भाग आणि नकाशे, चित्रं, आवाज हा भाग मुद्दाम वेगवेगळ्या फाईलींत ठेवले, लोकांना आपली भर घालता यावी म्हणून. १९९७ साली तर त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूरही, खुला केला. डूमचे नवे नकाशे आजही बनताहेत. व्हॉल्व्ह कंपनीचा ‘हाफ-लाईफ’ हा गेम १९९८ चा. त्यावर मिन्ह ली आणि जेस क्लिफ या दोघांनी १९९९ साली ‘काउंटर-स्ट्राइक’ नावाचा मॉड काढला, आणि पुढच्याच वर्षी व्हॉल्व्हने तो विकत घेऊन दोघांना कामावर घेतलं. सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून आम्ही जे ‘सीएस’ खेळायचो तो मुळात एक मॉड होता, हे तेव्हा आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. ‘डोटा’ हा खेळ ब्लिझार्ड कंपनीच्या ‘वॉरक्राफ्ट ३’ या गेममधल्या नकाशा-संपादकातून निघाला. आणि ज्या पबजीवरून २०१८ नंतर आपल्याकडे घराघरांत भांडणं झाली, त्याचं मूळही तसंच. आयर्लंडच्या ब्रेंडन ग्रीनने आधी ‘आर्मा’ या गेमवर मॉड म्हणून ती कल्पना उभी केली, मग २०१७ साली तिचा स्वतंत्र गेम झाला.

एवढ्या मोठ्या कल्पना कंपन्यांच्या बैठकीत का सुचल्या नाहीत? याचं कारण मला तरी सरळ दिसतं. कंपनीला पैसे परत यायची खात्री लागते, त्यामुळे ती चालून गेलेलंच पुन्हा करते. मॉड करणाऱ्याला गमवायला फक्त रात्रीची झोप असते. तो भलतंसलतं करून बघू शकतो. शंभरातले नव्वद फसतात, कुणाला कळतही नाही. उरलेल्यांतून एखादा नवा खेळ निघतो.

पण मोठ्या यशाच्या गोष्टींनी माझा मुद्दा सिद्ध होत नाही. उद्या मालवणातून जगभर गाजणारा गेम निघेल म्हणून मॉडला वाव द्या, असं मी म्हणत नाही. निघेल किंवा नाही निघणार. मला त्या वेलांटीची काळजी जास्त आहे. इतकी वर्षं मुलं संगणकावर खेळताहेत आणि त्यांच्या खेळात मराठी जवळजवळ नाहीच. मेनू इंग्रजी, गोष्ट इंग्रजी, पाटी इंग्रजी. यात बाजाराचा हिशोब आहे तसा तंत्राचाही आहे. देवनागरीत अक्षर नुसतं एकापुढे एक ठेवून भागत नाही. वेलांटी उच्चारात नंतर येते आणि लिहिताना आधी बसते, जोडाक्षरात अक्षरं एकमेकांत मिसळतात, रफार उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो. हे सगळं जमवणारी व्यवस्था इंजिनात, म्हणजे गेम ज्या तयार सॉफ्टवेअरवर उभा राहतो त्यात, असावी लागते. गोडो नावाच्या मुक्त इंजिनातसुद्धा ती २०२३ च्या चौथ्या आवृत्तीत आली. ज्या गेममध्ये अक्षरांचा संच आणि वाक्यांची यादी वेगळ्या फाईलीत ठेवलेली असते तिथे एखादा हौशी माणूस बसून मराठी घालू शकतो. जिथे ती आतच शिवून टाकलेली असतात तिथे मराठी येण्यासाठी कंपनीला मराठी आठवेपर्यंत थांबावं लागतं. मी थांबायला तयार नाही, आणि माझ्याकडे येणाऱ्या मुलांनी थांबावं असंही मला वाटत नाही.

याच्या विरुद्ध बोलणारे लोक मूर्ख नाहीत. त्यांचे आक्षेप मी ऐकले आहेत आणि त्यातले काही मला पटतात.

पहिला फसवणुकीचा. चार जण मिळून ऑनलाईन खेळत असताना एकाने भिंतीपलीकडचं दिसायची सोय करून घेतली तर खेळ संपला. बरोबर आहे, आणि अशा ठिकाणी कंपनीने कडक राहिलंच पाहिजे. पण त्यासाठी एकट्याने खेळायच्या भागालाही तेच कुलूप लावणं म्हणजे बाजारात खिसेकापू आहेत म्हणून घरातल्या देवघरालाही टाळं ठोकण्यासारखं झालं. स्पर्धेचा सर्व्हर वेगळा आणि घरचा खेळ वेगळा ठेवता येतो. कित्येक गेम ठेवतात.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि तो मी हलक्यात घेत नाही. २०२३ च्या जूनमध्ये ‘माइनक्राफ्ट’ या गेमच्या मॉडमध्ये लपून आलेला व्हायरस सापडला होता, आणि तो नावाजलेल्या ठिकाणांवरच्या मॉडमध्ये होता. कुलपं घातली तर हा धोका उलट वाढतो, असं माझं निरीक्षण आहे. कंपनीने स्वतःची जागा दिली, तिथे तपासणी ठेवली, मॉडला फोनमधल्या किंवा पीसीतल्या बाकी गोष्टींपर्यंत पोचता येणार नाही अशी चौकट घातली, तर मूल त्याच जागेवरून घेतं. जागाच दिली नाही की ते कुठल्या तरी अनोळखी लिंकवरून आणतं.

तिसरा आक्षेप बनवणाऱ्यांचा. आम्ही वर्षानुवर्षं खपून एक जग उभं केलं, त्यात कुणीही येऊन काहीही का खुपसावं? हे दुःख मला समजतं. पण आमच्याकडे दशावताराच्या रात्री बघा. आख्यान ठरलेलं असतं, पात्रं ठरलेली असतात, संवाद मात्र कुणी लिहून दिलेले नसतात. रंगमंचावर उभा राहून नट ते आयत्या वेळी बोलतो. त्याच रात्री तिसऱ्या गावात दुसरी मंडळी तेच आख्यान वेगळं करतात. मूळ कथेचं काही बिघडलं असं आजवर कुणाला वाटलेलं नाही. मॉड घातलेल्या गेमचंही तसंच असतं. ज्याला मूळ हवा त्याच्यासाठी मूळ तिथेच असतो.

आता ज्या बाबतीत मला खरोखर राग येतो तिकडे वळतो. दार उघडं ठेवायचं, लोकांना आत येऊन राबू द्यायचं, आणि पीक उभं राहिलं की त्यावर हात ठेवायचा, ही नवी रीत गेल्या काही वर्षांत आली आहे. वॉरक्राफ्ट ३ ची नवी आवृत्ती २०२० च्या जानेवारीत आली तेव्हा करारात अट होती की त्यात लोकांनी बनवलेले सगळे खेळ ब्लिझार्ड कंपनीच्या मालकीचे. आपल्याच गेममधून निघालेला डोटा हातातून गेल्याची सल त्यामागे होती हे उघड आहे. आयत्या बिळावर नागोबा. कोकणातल्या माणसाला हा करार समजावून सांगावा लागत नाही. जमीन कसायची कुळाने, आंबा-काजू लावायचा कुळाने, आणि वाटा न्यायचा खोताने, हे आमच्या आज्या-पणज्यांनी सोसलं. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती बंद करण्याचं विधेयक मांडलं, आणि स्वातंत्र्यानंतर १९४९ चा खोती निर्मूलन कायदा आला तेव्हा ती पद्धत संपली. खेळाच्या करारनाम्यात ती परत शिरत असेल तर निदान आम्ही तरी तिला ओळखायला हवं. भुकेचा प्रश्न आणि खेळाचा प्रश्न एका पारड्यात घालावा असं मी म्हणणार नाही. पण राबणारा एक आणि मालक दुसरा, ही मांडणी तीच आहे.

पैशाचा प्रश्न यापेक्षा गुंतागुंतीचा आहे. २०१५ च्या एप्रिलमध्ये स्टीम या व्हॉल्व्हच्या ऑनलाईन गेम-दुकानात बेथेस्डा कंपनीच्या ‘स्कायरिम’ या गेमचे मॉड विकत द्यायची सोय सुरू झाली. मॉड करणाऱ्याला २५ टक्के, बाकीचे व्हॉल्व्हला आणि बेथेस्डाला. लोक इतके भडकले की आठवडा उलटायच्या आत ती गुंडाळावी लागली. त्या वेळी बरेच जण म्हणाले, मॉड फुकटच असले पाहिजेत. मला ते पटत नाही. सहा महिने रात्री जागून कुणी काही उत्तम बनवलं तर त्याला दोन पैसे मिळाले तर बिघडलं कुठे? फुकट काम करणं हे ज्याचं घर दुसऱ्या कमाईवर चालतं त्यालाच परवडतं. माझ्याकडे येणारी बरीच मुलं त्यातली नाहीत. गडबड वाट्यात होती, आणि एकमेकांची फाईल फुकट वापरून वाढलेल्या जगात रातोरात दुकान उघडण्यात होती. ठरवून, विचारून, ज्याच्या कामावर काम उभं आहे त्यालाही वाटा देऊन हे करता येईल. निदान नाव तरी लिहावं. आमच्या त्या मुलाची लिव्हरी चार दिवसांत कुणी तरी त्याचं नाव पुसून स्वतःच्या नावाने पुढे पाठवली. तो रडला नाही, पण आठवडाभर टायपिंगला आला नाही.

कायदा काय म्हणतो? आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ वाचण्यासारखं आहे. रीतसर मिळवलेल्या संगणक प्रोग्रॅमची प्रत किंवा रूपांतर स्वतःच्या, बिनव्यावसायिक वापरासाठी करणं हा भंग मानलेला नाही. म्हणजे घरात बसून स्वतःच्या गेममध्ये बदल करणारं मूल काही गुन्हा करत नाही. ते बाहेर वाटायला गेलं की प्रश्न सुरू होतात. गेममधली चित्रं आणि संगीत ही स्वतंत्र कलाकृती असतात, आणि एसटीचं बोधचिन्हसुद्धा एसटी महामंडळाचं आहे. इथे महामंडळासारख्या सार्वजनिक संस्थांनी मोठं मन दाखवावं असं मला वाटतं. खेळात लाल गाडी चालवणारी मुलं त्या गाडीची जेवढी जाहिरात करतात तेवढी कुठल्या फलकाने होणार नाही. बिनपैशाच्या कामाला चिन्ह वापरायची सरळ परवानगी एका परिपत्रकाने देता येईल.

सरकारला खेळांची आठवण आता आता झाली आहे. केंद्राच्या २०२२ च्या अर्थसंकल्पात अ‍ॅनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग आणि कॉमिक्ससाठी कृतिदलाची घोषणा झाली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने केला, त्याच वर्षी महाराष्ट्राने या क्षेत्राचं आपलं धोरण मंजूर केलं. बंदी योग्यच होती. त्या खेळांनी इथली काही घरं बुडवली आहेत. धोरणांत मात्र पार्क, स्टुडिओ, गुंतवणूक हेच शब्द पुढे येतात. मुंबई-पुण्यात स्टुडिओ होतील, चांगलंच आहे. देवगड, वेंगुर्ला, गुहागरच्या मुलाला त्याचा उपयोग व्हायला अजून दहा वर्षं लागतील, आणि तोवर तो चाकरमानी होऊन गेलेला असेल. त्याला आज लागतंय ते फार थोडं आहे. शाळेच्या संगणक कक्षात गाड्या-वस्तूंचे त्रिमितीय नमुने बनवायचं ब्लेंडरसारखं मोफत सॉफ्टवेअर घातलेली चार मशिनं, ती शाळा सुटल्यावर दोन तास उघडी ठेवणारा एक माणूस, आणि ‘खेळतोस काय’ म्हणून न ओरडणारा एक शिक्षक. शून्यातून गेम बनवा म्हटलं की मूल घाबरतं. तयार गेममध्ये एक गाडी बदल म्हटलं की ते खुर्ची ओढून बसतं. शिकवणाऱ्याला याहून सोपी पहिली पायरी मिळणार नाही, हे मी बऱ्याच मुलांवर करून बघितलेलं सांगतो.

आणि गेम विकत घेताना आपण विचारावं: यात भर घालता येते का? बनवायची साधनं कंपनीने दिली आहेत का? आज चालणारा मॉड उद्याच्या अपडेटने मोडला तर जुन्या आवृत्तीवर जाता येतं का? कंपनीने सर्व्हर बंद केला तर माझ्याकडे काय उरतं? आपण फ्रिज घेताना याहून जास्त प्रश्न विचारतो.

सध्या माझ्या क्लासमध्ये शनिवारी संध्याकाळी दोन मशिनं याच कामाला असतात. कॉलेजातल्या दोघा मुलांनी ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ मध्ये करूळ घाट बनवायला घेतलाय. प्रागच्या एससीएस सॉफ्टवेअरचा हा गेम २०१२ चा, आणि नकाशा बनवायचं साधन त्यातच दिलेलं आहे. गेमचा मूळ नकाशा साधारण १:१९ या प्रमाणात आखलेला आहे, आणि या दोघांनी तेच प्रमाण धरलंय. त्यामुळे घाटातली सगळी वळणं बसत नाहीत, काही गाळावीच लागतात. कुठली गाळायची यावरून गेले तीन शनिवार वाद चाललाय. एक म्हणतो, दरीकडचा कठडा फुटलेलं ते वळण राहिलंच पाहिजे. दुसरा म्हणतो, पावसात जिथे पाणी रस्त्यावर येतं आणि ड्रायव्हर गाडी हळू करतो ते ठेवू, कठडा आज ना उद्या दुरुस्त होईल. गेल्या शनिवारी ते टायपिंगवाल्या मुलाला बोलवून घेऊन गेले, कारण गगनबावड्याच्या पाटीवर ‘किमी’ची वेलांटी परत चुकीच्या जागी येत होती.